उसणीची गोळी चालू असताना सर्दी-तापाचं औषध द्यायचं का?

रानवाटा
आईच्या (वय ६४) कंबरेत उसण भरली म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी गोळी दिली आहे. त्यात अ‍ॅसिक्लोफेनॅक (वेदनाशामक) १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि क्लोरझोक्साझोन (स्नायू सैल करणारं) २५० मिलीग्रॅम आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक. आज तिसरा दिवस, आणि आता सर्दी-तापही आलाय. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी रोज चालू असते, ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं. घरात पॅरासिटामॉल ६५०, सर्दीची गोळी आणि थायोकोल्चिकोसाइडची जुनी पट्टी आहे. यातलं काय चालेल?

शाल्मली
आधी पॅरासिटामॉलची बेरीज करा. मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४००० मिलीग्रॅम. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर त्याहून कमीच. उसणीच्या दोन गोळ्यांतून ६५० जातात. त्यावर ६५० ची गोळी चार वेळा दिली की २६०० वाढले. सर्दीच्या गोळीत बहुतेकदा ५०० असतं, ती तीनदा घेतली की आणखी १५००. झाले ४७५०! एकही गोळी जास्त घेतल्यासारखी वाटत नाही, तरी मर्यादा ओलांडलेली असते.

यकृताला इजा होत असली तरी पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, झालीच तर मळमळ. म्हणून मात्रा जास्त गेल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन हा उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो.

तापाला साधी ६५० पुरे. आधीच्या कोणत्याही पॅरासिटामॉलनंतर ६ तास जाऊ द्या आणि दिवसात दोनदाच द्या. सर्दीची गोळी नको. तिच्यातलं फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवतं आणि क्लोरफेनिरामिन झोप आणतं. क्लोरझोक्साझोनची गुंगी आधीच आहे. रात्री लघवीला उठताना तोल जातो तो अशा दुहेरी गुंगीनेच.

कडुलिंब
मला जास्त काळजी रक्तदाबाच्या गोळीची वाटते. अ‍ॅसिक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या वाहिन्या आकसतात. टेल्मिसार्टनमुळे बाहेर नेणाऱ्या वाहिन्या सैल पडतात. मग गाळणीतला दाब उतरतो. वर हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी कमी करतं. तापात घाम जातोय, खाणंपिणं कमी आहे, अशा वेळी ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक मंदावू शकतं. शिवाय अ‍ॅसिक्लोफेनॅकमुळे रक्तदाबाच्या गोळीचा गुणही कमी होतो.

तेव्हा उसणीची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही पट्ट्यांवरची नावं वाचून दाखवा. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी दाखवा. शौच डांबरासारखं काळं झालं तर पोटात रक्तस्राव असू शकतो, तेव्हा थेट तातडीच्या विभागात न्या. जेवणानंतर गोळी घेतली की पोटात कमी जळजळतं, पण व्रणाचा धोका त्याने टळत नाही. अ‍ॅसिक्लोफेनॅक रक्तात मिसळूनही जठराचं अस्तर कमजोर करतं.

मोरपंख
थायोकोल्चिकोसाइडची जुनी पट्टी बाजूलाच ठेवा. तेही स्नायू सैल करणारंच औषध, त्यामुळे क्लोरझोक्साझोनच्या जोडीला नको. २०१३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्यावर बंधनं घातली: तोंडाने घ्यायचं तर दर १२ तासांनी ८ मिलीग्रॅमपर्यंत आणि सलग ७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शरीरात त्यापासून बनणारा एक घटक पेशींच्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो. म्हणून गर्भवतींना, अंगावर पाजणाऱ्या मातांना आणि १६ वर्षांखालच्या मुलांना ते वर्ज्य आहे. घरातली कुणी तरुण मुलगी पाठ धरली म्हणून तीच पट्टी उचलते, तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही. फिट येणाऱ्यांनीही टाळावं.

रानवाटा
मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी उसणीची गोळी थांबवून साधं पॅरासिटामॉल आणि शेक सांगितला. पण काल लघवी नारिंगी दिसली होती, ते सांगायचं राहिलं. घाबरायचं का?

कडुलिंब
क्लोरझोक्साझोनमुळे लघवी नारिंगी किंवा जांभळट-लाल होऊ शकते. तेवढंच असेल तर निर्धोक आहे. पण याच औषधाने क्वचित यकृताला गंभीर इजाही होते, म्हणून हेही डॉक्टरांना कळवा. डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक मेलेली आणि लघवी गडद चहासारखी असेल तर आजच यकृताची रक्ततपासणी.

शाल्मली
एक राहिलं. उसणीच्या गोळीतले दोन घटक, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, ताप उतरवणारेच होते. ती चालू असताना ताप चढला, तर सर्दीच असेल असं धरून चालू नका. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ किंवा बरगड्यांखाली एका बाजूला दुखणं असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो. मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा पायांतली ताकद गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तातडीच्या विभागात न्या.