विषय: मराठी टीव्ही बातम्यांची सुरुवात

मराठी टीव्ही बातम्या चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्यांपासून सुरू झाल्या, असं काही जण म्हणतात. ते मुळीच पटत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सिंहगडावरच्या प्रक्षेपण मनोऱ्यामुळे पुढच्याच वर्षी पुण्यातही दिसू लागलं. तेव्हा बातम्यांचं चित्रण १६ मिमी फिल्मवर व्हायचं. फिल्म आणायची, धुवायची, कापायची, जोडायची, मगच ती पडद्यावर. संध्याकाळी उशिरा काही घडलं तर दृश्यं कुठून आणणार? सगळी भिस्त वाचणाऱ्यावर. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, पुढे प्रदीप भिडे... (स्मिता पाटील सिनेमाआधी इथेच लोकांना माहीत झाल्या.) भिड्यांचा तो भारदस्त आवाज! आरडाओरडा नाही, पण शब्द न् शब्द स्पष्ट. आजच्या नव्या निवेदकांना त्यांची बातमीपत्रं ऐकवायलाच हवीत.