वाद्यांशिवाय गाताना पट्टी का उतरते?

मंद्र_सप्तक: आठ जणांचा अ कॅपेला (वाद्यांशिवाय गाणारा) गट आहे, चार भागांत प्रत्येकी दोघे. सुरुवात पिच पाइपवर (सुरुवातीचा स्वर देणारी छोटी फुंकणी) चोख, पण चार मिनिटांनी पट्टी जवळपास अर्धस्वर खाली. काय तपासू?

खर्जवाला: बेसला, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाच्या भागाला, उगाच दोष देऊ नका. आधी एकच स्वर वारंवार येणाऱ्या ओळी बघा. तो दर वेळी केसभर घसरतो. तानपुरा ॲपवर सा लावून गा, आठ मात्रा आवाज बंद, मग चालू. कुठे घसरलं ते तिथेच कळतं. श्वास सगळ्यांनी एकदम घेऊ नका. भागातल्या दोघांनी आळीपाळीने घ्या.

श्रुती२२: कॉर्डचा, म्हणजे एकत्र गायच्या स्वरांच्या मेळाचा, क्रमही बघा. सा-ध-रे-प-सा या चालीत प्रत्येक मेळ तंतोतंत शुद्ध लावला, तर एका फेरीत सुमारे २२ सेंट (अर्धस्वराचे शंभर सेंट) उतरतात. पाच फेऱ्या, की अर्धस्वर गेला! रे हा आधीच्या ‘ध’वरून पकडू नका, मूळ सा लक्षात ठेवून किंचित चढा घ्या.

मंद्र_सप्तक: आमच्या ध्रुवपदात हीच चाल सहा वेळा येते.

खर्जवाला: मग सापडलंच. तरीही घसरलं तर पूर्ण रचना अर्धस्वर वरून गाऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं.