एक्स्टेन्शन काढलं तरी परत येतं, जाहिराती थांबत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, विंडोज १०, ८ जीबी रॅम, ब्राउझर क्रोम. गेले बारा दिवस त्यावर जाहिरातींनी उच्छाद मांडलाय.

सुरुवात कुठून झाली ते मला माहीत आहे. सेकंडहँड प्रिंटर घेतला, त्याची सीडी नव्हती. मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर शोधला, सगळ्यात वरच्या लिंकवर गेले आणि जी फाइल उतरली ती नेक्स्ट-नेक्स्ट करत चढवली. प्रिंटर काही चालू झाला नाही, पण सोबत एक 'ड्रायव्हर अपडेटर' आणि एक पीडीएफ कन्व्हर्टर येऊन बसला.

तेव्हापासून उजवीकडे खालच्या कोपऱ्यात सारखे चौकोन येतात, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं इंग्रजीत लिहिलेले. काही शोधलं की एक अनोळखी पान क्षणभर चमकतं आणि दुसरंच सर्च इंजिन उघडतं. कुठेही क्लिक केलं की रमीच्या नाहीतर त्याहून घाण जाहिरातींचा नवा टॅब. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आई-वडिलांसोबत मुली येतात, त्यांच्यासमोर असलं काही उघडलं की मान खाली जाते.

दोन्ही प्रोग्रॅम कंट्रोल पॅनलमधून काढले. कुकीज, हिस्टरी साफ केली. क्रोममध्ये एक अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) दिसलं, ते काढलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की परत हजर. दुरुस्तीवाले म्हणतात फॉरमॅट मारा. पण त्यात मराठी टायपिंगचे फॉन्ट, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारा प्रोग्रॅम), सगळी सेटिंग आहे, आणि सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत. फॉरमॅटशिवाय जमेल का? आणि गिऱ्हाइकांचे पासवर्ड यातून बाहेर जात असतील का? खरी काळजी तीच आहे.

प्रतिसाद १

ताई, घाबरू नका, फॉरमॅटची वेळ अजून आलेली नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी दिसतात.

कोपऱ्यातले चौकोन म्हणजे व्हायरस नव्हे, ती वेबसाइटची नोटिफिकेशन्स आहेत. कधीतरी एखाद्या साइटने 'अलाउ' विचारलं आणि ते दाबलं गेलं. चौकोनातच साइटचं नाव बारीक अक्षरांत असतं, बघा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटच्या यादीतली अनोळखी नावं सगळी काढा.

परत येणारं एक्स्टेन्शन हे दुसरं दुखणं. ते आपोआप उगवत नाही, कोणीतरी ते परत बसवतं. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसतं का? दुकानाच्या कॉम्प्युटरवर ते दिसायचं कारण नाही. दिसत असेल तर ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा, पॉलिसी (रोमन अक्षरांत) टाकून एंटर करा आणि काय येतं ते इथे लिहा.

धागाकर्ती

नोटिफिकेशनमध्ये ११ साइट निघाल्या, सगळ्या काढल्या. कोपरा शांत झाला, खूप आभार.

'मॅनेज्ड' खरंच दिसतंय. पॉलिसीच्या पानावर 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असं आहे आणि पुढे इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ.

आणखी एक सांगायचं राहिलं. परवा मी जेवायला घरी गेले होते, दुकानात वडील होते. स्क्रीनभर लाल पान आलं, आवाज सुरू झाला, त्यावर 'या नंबरवर फोन करा' होतं. वडिलांनी फोन केला. समोरच्याने रिमोटचं एक ॲप टाकायला लावलं. स्क्रीनवर आलेला कोड सांगायच्या आधी गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला आज सांगितलं. त्यांना फार वाईट वाटतंय.

प्रतिसाद २

वडिलांना सांगा, भीती वाटावी म्हणूनच ते पान तसं बनवलेलं असतं. आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली हे फार बरं केलं, कारण आता कामाचा क्रम बदलतो.

आधी इंटरनेटची वायर काढा आणि ते रिमोटचं ॲप अनइन्स्टॉल करा. कोड दिला नसेल तर बहुधा कोणी आत आलेलं नाही. पण माऊस आपोआप हलला, कोणी बँकेचं पान उघडायला लावलं, असं काही झालं होतं का हे वडिलांना शांतपणे विचारा. झालं असेल तर माझं मत बदलेल: मग फाइलींची कॉपी घेऊन फॉरमॅटच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

पासवर्डबद्दल खरं सांगते. 'सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे' अशी परवानगी असलेलं एक्स्टेन्शन पानावर टाइप केलेलं वाचू शकतं. तुमच्याकडचं वाचत होतंच असं नाही, पण धरून चाला. तुमचा ईमेल, बँक, पोर्टलचं लॉगिन यांचे पासवर्ड आजच मोबाईलवरून बदला, या कॉम्प्युटरवरून नको. या बारा दिवसांत ज्यांचे फॉर्म भरले त्यांनाही बदलायला सांगा. सांगायला अवघड जाईल, तरी सांगा.

प्रतिसाद १

वरच्या ताईंशी सहमत. ते उरकलं की सफाईचं बघू.

गिऱ्हाइकांच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. ॲडवक्लीनर हे मोफत टूल मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधताना 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या लिंकवर जाऊ नका, ड्रायव्हरच्या वेळी तेच झालं असणार. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. स्कॅन झाल्यावर यादी वाचा, मगच क्वारंटाइन करा (म्हणजे बाजूला कोंडून ठेवा), कारण कंपनीने आधीपासून घातलेले प्रोग्रॅमही त्यात येतात.

त्यानंतरही पॉलिसी, म्हणजे एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवायला लावणारी ती 'फोर्सलिस्ट'ची नोंद, राहिली तर क्रोम बंद करून रेजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचं साधन) उघडा. एच-की-लोकल-मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. ती शाखा आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट करा. एच-की-करंट-यूजरमध्येही तोच रस्ता तपासा. रेजिस्ट्रीत दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

आणि टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) विसरू नका, लोक इथेच थांबतात आणि दोन दिवसांनी पुन्हा धागा काढतात. ड्रायव्हर चढवला त्याच तारखेला तयार झालेलं, ॲपडेटा फोल्डरमधून काहीतरी चालवणारं टास्क मिळालं तर तोच तुमचा परत बसवणारा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' बघा. शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा.

क्रोमला तुमचं गूगल खातं जोडलेलं असेल तर हे सगळं होईपर्यंत सिंक (खात्यातून सेटिंग आणि एक्स्टेन्शन आपोआप उतरवणं) बंद ठेवा. नाहीतर एक्स्टेन्शन तिथूनही परत उतरू शकतं.

धागाकर्ती

दोन दिवसांनी लिहिते आहे. माऊस वगैरे काही हललं नव्हतं, बँकेचं पानही उघडलं नव्हतं. पासबुकही भरून बघितलं, सगळं ठीक आहे.

ॲडवक्लीनरने १७ नोंदी दाखवल्या, तरी पॉलिसी राहिलीच होती. रेजिस्ट्रीतली शाखा काढली, पुन्हा चालू केलं, तर परत आली! टास्क शेड्युलरमध्ये अपडेटसारखं नाव असलेलं एक टास्क सापडलं, तारीख बरोबर प्रिंटरच्या दिवसाची. ते आणि त्याचं फोल्डर डिलीट केलं, मग शाखा परत काढली. आज सकाळपासून पाच वेळा रीस्टार्ट केलं, 'मॅनेज्ड' गेलं, एक्स्टेन्शन नाही, सर्चही नेहमीसारखं. फॉन्ट आणि अंगठ्याचं मशीन जसंच्या तसं चालतंय.

रजिस्टरमध्ये नंबर होते त्या ३४ जणांना फोन केले. दोघं-तिघं रागावली, बाकीच्यांनी पासवर्ड बदलले.

प्रतिसाद २

फार छान. आता विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन एकदा करा; कॉम्प्युटर स्वतः रीस्टार्ट होतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात. तिथेच ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन चालू करा, असले सोबत येणारे प्रोग्रॅम ते अडवतं. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा ॲडमिशन संपल्यावर ११ चालतं का ते बघून घ्या. प्रिंटरचं मॉडेल इथे लिहा, कंपनीच्या साइटवरचा खरा ड्रायव्हर शोधून देते.