सल्ला हवा: एकाच फोनवर कामासाठी दुसरा नंबर, महिना दोनशेच्या आत

बागेतला_माणूस
नमस्कार मंडळी. राहायला पंचवटीत, नोकरी खत-औषधांच्या कंपनीत, फिरती निफाड-दिंडोरी. माझा एकुलता एक नंबर सगळ्या द्राक्ष बागायतदारांकडे आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पहाटे साडेपाचपासून डाउनी रोग पडलेल्या पानांचे फोटो सुरू. परवा बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो आईला दाखवायला गॅलरी उघडली, तर आधी भुरी रोग आलेले घड, मग करपलेली पानं, मग कुणाच्या तरी पंपाचं नोझल, आणि त्यात कुठेतरी बहीण.
फोन दोन सिमचा अँड्रॉइड आहे, पण दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड बसवलंय. नवीन फोन घ्यायचा नाही. महिना दोनशेच्या वर खर्च नको. काय करू?

कॉलेजरोडकर
सरळ आयफोन घे. एक साधं सिम, एक ईसिम (फोनमध्येच असतं, कार्ड लागत नाही), विषय संपला. मी दोन वर्षं वापरतोय, कटकट शून्य.

बागेतला_माणूस
दादा, महिना दोनशे म्हटलंय.

कॉलेजरोडकर
ईएमआयवर घे ना मग.

सातपूर_सेकंडशिफ्ट
आयफोन सोडा हो. *#०६# डायल करा. आयएमईआयसोबत ईआयडी (ईसिमचा क्रमांक) दिसला तर तुमच्याच फोनमध्ये ईसिम चालतं, मेमरी कार्डाला हातही लावायला नको. नसेल दिसत तर कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर टाका आणि त्या खाचेत सिम बसवा.
नव्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, साध्या व्हॉट्सअ‍ॅपशेजारी निवांत चालतं. ऑक्टोबर २०२३ पासून एकाच अ‍ॅपात दोन खाती पण येतात, पण तुमच्या कामाला बिझनेसच बरं. कामाचे तास लावता येतात, पहाटे मेसेज आला की ‘९ नंतर बघतो’ असं आपोआप उत्तर जातं. गावागावाची लेबलं लावा. आणि दोन्हीकडे ‘मीडिया गॅलरीत दाखवा’ आहे ना, ते बिझनेसमध्ये बंद करा. तुमचं निम्मं दुखणं तिथेच बरं होईल, पैसे शून्य.

नाशिकरोडचे_काका
दोनशे म्हणे! कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असतो. वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. आमच्या वेळी एक लँडलाइन अख्ख्या चाळीला पुरायची आणि पहाटे फोन वाजला म्हणजे कुणीतरी गेलेलंच असायचं.

सातपूर_सेकंडशिफ्ट
काका, दुसऱ्या सिमला नेट लागतच नाही, व्हॉट्सअ‍ॅप पहिल्या सिमच्या नेटवर चालतं. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवरचं सरकारी नियामक) सांगण्यावरून जानेवारी २०२५ पासून नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक आलेत, ८४ दिवसांचे. पण ते अ‍ॅपात पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली खाली जावं लागतं.

नाशिकरोडचे_काका
दाखवतील कशाला?

टिफिनवाली_इंदिरानगर
नवीन नंबर घेताना जपून. मी डब्यांसाठी सिम घेतलं, तर पहिल्याच आठवड्यात वसुलीवाले सुरू. आधी तो नंबर ज्या कुणाचा होता त्याने कर्ज बुडवलेलं. मी म्हणते, अहो मी पोळ्या लाटते, तर पलीकडून, ‘मॅडम, त्यांना फोन द्या.’ बंद पडलेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्याला देता येतो, म्हणून असं होतं. दुकानातून उठायच्या आधी तो नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ट्रूकॉलरवर टाकून बघा. दुसऱ्याचा फोटो आला तर तिथेच बदलून मागा.

पिंपळगाव_बसवंत
दादा तुम्ही औषधवाले का? भुरीला सल्फर मारलं, फरक नाही. नंबर द्या, फोटो पाठवतो.

बागेतला_माणूस
भाऊ, त्याच्यासाठीच हा धागा काढलाय 🙏

हिशेबनीस
सगळे उलटं सांगताय. जुना नंबर निफाड तालुक्यात पसरलाय, तो आता परत गोळा होणार आहे का? नवीन नंबर कामाला घेतला तरी शेतकरी जुन्यावरच करणार. जुना कामाला ठेवा, त्याचंच व्हॉट्सअ‍ॅप चॅटसकट बिझनेसमध्ये हलवा, आणि नवीन नंबर घरच्या दहा-पंधरा माणसांना द्या. रात्री जुनं सिम सेटिंगमधून बंद. बँक, आधार, यूपीआय जुन्यावर आहे ते तसंच राहू द्या.

टिफिनवाली_इंदिरानगर
हो, मीही तेच म्हणत होते.

हिशेबनीस
तुम्ही वसुलीचं सांगत होतात ताई.

कॉलेजरोडकर
रात्री सिम बंद केलं तर बँकेचा ओटीपी कुठे येणार? आयफोनमध्ये फोकस लावला की फोन गप्प, झालं.

सातपूर_सेकंडशिफ्ट
रात्री झोपेत कुणाला ओटीपी हवाय राव? एक मात्र खरं, साध्या दोन सिमच्या फोनवर एका सिमवर बोलत असलात की दुसरा नंबर लागत नाही. त्यासाठी कॉल फॉरवर्ड लावायचं तर फोनच्या सेटिंगमधूनच लावा. कुणी फोन करून *४०१* वगैरे दाबायला सांगितलं तर दाबू नका, तुमचे कॉल चोराकडे वळतात.

बागेतला_माणूस
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं, कंपनी दिवाळीपासून सिम घ्या म्हणतेय. रिचार्ज त्यांचा.

हिशेबनीस
अजिबात घेऊ नका. नोकरी सोडली की नंबर त्यांच्याकडे, आणि तुमचे शेतकरी पण.

नाशिकरोडचे_काका
माझ्या पुतण्याचं तेच झालं. घेऊ नका.

टिफिनवाली_इंदिरानगर
घेतलंत तर बँक, यूपीआय काही त्याला जोडू नका. पण घेऊच नका.

बागेतला_माणूस
घेतलं. आजच हातात आलं. नोकरी सोडली की भुरी, डाउनी सगळं तिकडेच राहील, मला तेच हवंय. दोनशे वाचले ते वेगळेच. जुन्या नंबरवर जो फोन करेल त्याला नवा सांगतोय, पोचेल हळूहळू. बिझनेस टाकलं, गॅलरीचं बंद केलं, त्याबद्दल सातपूरकरांना खास धन्यवाद.
ईआयडी काही दिसला नाही, म्हणून मेमरी कार्ड काढलं. आता एमजी रोडला बरा कार्ड रीडर केवढ्याला मिळेल?

कॉलेजरोडकर
आयफोनला कार्डच लागत नाही.