आरओचं वेस्ट पाणी आणि जुने माठ गच्चीवरच्या बागेला चालतात का?

लातूरला राहतो. गच्ची वीस बाय पंधरा फूट, कुंड्या आणि ग्रोबॅग मिळून चाळीसेक. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, ड्रममध्ये एक शेवगा, बाकी आईची मिरची-वांगी. मार्च सरता सरता बोअर गुळण्या टाकायला लागतो, मग पावसापर्यंत टँकर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमची निम्मी झाडं गेली. तेव्हापासून आईचा कायदा आहे की झाडांना वापरलेलंच पाणी.

सध्या तांदूळ-डाळ-भाजी धुतल्याचं एक बादली आणि आरओचं वेस्ट दोन बादल्या, एवढ्यावर चाललंय. पण दोन महिन्यांपासून कुंड्यांच्या काठावर पांढरा थर येतोय आणि मोगऱ्याची पानं कडेने करपतायत. मित्राचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) आणून बघितलं: बोअर ९००, आरओचं वेस्ट १२०० च्या आसपास. दोष त्या पाण्याचाच का?

दुसरं, कुंडीत माठ पुरून पाणी द्यायचं म्हणतोय. माळ्यावर तीन जुने माठ पडलेत. चालतील?

प्रतिसाद १
दोष त्याचाच. पांढरं दिसतंय ते क्षार. पाणी उडून जातं, क्षार मातीत उरतात. मोगरा आणि कढीपत्त्याला वेस्ट पाणी आजपासून बंद करा. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. शेवग्याला थोडं चालेल, तेही धुण्या-भाजीच्या पाण्यात मिसळून. (डाळीचं धुणं म्हणतोय मी, कपड्यांचं नव्हे! साबणाच्या पाण्यातला सोडा मातीची वाट लावतो.) घरात एसी असेल तर त्याचं पाणी धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. काठावरचा थर आणि वरची इंचभर माती खरवडून टाका. पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवा, खालची भोकं मोकळी करून. तेवढ्या पाण्याने बरेच क्षार धुऊन जातात.

आणि माती उघडी ठेवू नका. पाचट, वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, काहीही दोन-तीन इंच पसरा. आमच्याकडे रोजचं पाणी त्यानंतर एक दिवसाआड झालं.

प्रतिसाद २
माठांबद्दल. ते माळ्यावर का गेले? पाणी गार होईना म्हणून ना? म्हणजे बोअरच्या क्षारांनी छिद्रं बुजलीत. जो माठ पाणी गार करत नाही तो मातीतही पाझरणार नाही. भरून तासभर उन्हात ठेवा, बाहेरून ओलसर झाला तरच पुरा. शिवाय एवढा माठ कुंडीत गेला तर मुळांना जागा कुठली? संक्रांतीची सुगडं असतील की घरात! रंग दिलेली नकोत, ती पाझरत नाहीत. साधी घ्या, गळ्यापर्यंत पुरा, वर पणती झाकण म्हणून ठेवा, नाहीतर डास होतील. आत फक्त गोडं पाणी, वेस्ट घातलंत तर त्यांचाही माठ होईल.

धागाकर्ता
उन्हात ठेवून बघितलं. तीनपैकी दोन ठणठणीत कोरडे, एक बुडाशी जरा ओलावला. तो शेवग्याच्या ड्रममध्ये जाईल. सुगडं अकरा निघाली, त्यातली चार रंगवलेली. मोगऱ्यापासून सुरुवात करतो. १८ इंची ग्रोबॅगेत वांग्याला एक सुगड पुरेल की दोन लागतील?