सैंधव की पुड्यातलं मीठ? गरोदर आहे, आयोडिनचं काय करू?

पेरूची_फोड
नमस्कार मंडळी. धागा जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या. सासूबाई एका शिबिराला जाऊन आल्या आणि आल्या दिवशीच मिठाचा पुडा मोलकरणीला देऊन टाकला. आता आमटी-भाजीपासून कणकेपर्यंत सगळीकडे गुलाबी सैंधव. चव चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला तिसरा महिना चालू आहे. परवा मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यात आयोडिन नसतं!" सासूबाईंचं म्हणणं, नैसर्गिक मिठात सगळंच असतं, 84 खनिजं. वाद घालायचा नाहीये, पण पोटातल्या बाळाचा प्रश्न आहे. जाणकारांनी सांगावे.

निसर्गमित्र_62
सासूबाई बरोबर आहेत. आपले आजी-आजोबा कुठे पुड्यातलं मीठ खात होते? हे सगळं कंपन्यांचं कारस्थान. माझ्या घरी आठ वर्षं सैंधव आहे, कुणाला काही झालं नाही.

डबेवाली_आहारतज्ज्ञ
पेरू, आधी अभिनंदन!
मैत्रिणीचं बरोबर आहे. सैंधवाचा गुलाबी रंग त्यातल्या लोहाच्या संयुगांमुळे येतो. ती 84 खनिजं असली तरी इतकी किंचित असतात, की पोषण म्हणून त्यांचा हिशोब धरता येत नाही. आयोडिन मुद्दाम मिसळलेलं नसेल तर त्यात नसल्यातच जमा. काही कंपन्या मिसळतात, तेव्हा आधी पुडा उलटा करून वाचा.
आयोडिन लागतं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला. तिच्या टी3 आणि टी4 या हार्मोन्सची नावंच त्यांतल्या आयोडिनच्या अणूंवरून पडलीत, तीन आणि चार. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिल्या काही महिन्यांत पुरतं काम करत नाही, तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडून जातं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणात जागतिक आरोग्य संघटना 250 सांगते. आयुष्यभराचं सगळं आयोडिन एकत्र केलं तरी चहाचा एक चमचा भरणार नाही, पण ते रोज थोडं थोडं मिळावं लागतं.
आणखी एक. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, आयोडिन नसतं. खासगी मल्टिव्हिटॅमिनमध्ये कधी असतं, कधी नसतं. तुमच्या गोळ्यांची पट्टी पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांना थेट विचारा. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केलं नसेल तर तेही विचारा.

पालमपूरकर
निसर्गमित्र, आजी-आजोबांचं म्हणाल तर नोकरीनिमित्त मी पाच वर्षं पालमपूरला, म्हणजे हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यात होतो. तिथे गल्लीत एक म्हातारी बसायची, गळ्याला लिंबापेक्षा मोठी गाठ. गलगंड, म्हणजे आयोडिन कमी पडून सुजलेली थायरॉइड. घरमालक म्हणायचे, त्यांच्या लहानपणी असे गळे गावोगाव दिसायचे. हिमालयाच्या पट्ट्यात पावसाने आणि बर्फाने मातीतलं आयोडिन धुऊन गेलंय, मग धान्यात कुठून येणार? 1956 पासून वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी याच कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडिनचं आणि एका भागात साधं मीठ देऊन पाहिलं. आयोडिनवाल्या भागांत काही वर्षांतच गलगंड खूप कमी झाला. त्यानंतर 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा ही जाहिरातवाल्यांची कल्पना नव्हे.

निसर्गमित्र_62
ते हिमालयात. आपल्याकडे समुद्र आहे.

आगरी_तडका
हे वाक्य ऐकून आमचे आजोबा हसले असते. पेणजवळ आमचं मिठागर होतं. लहानपणी खडे मिठाच्या ढिगावर चढायचो म्हणून मार खाल्लाय. समुद्राच्या मिठात आयोडिन असतं असं मलाही वाटायचं, मग एकदा हिशोब केला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 50-60 मायक्रोग्रॅम आयोडिन असतं आणि तेवढ्या पाण्यातून मीठ निघतं जवळपास 30 ग्रॅम. समजा सगळं आयोडिन मिठातच राहिलं, तरी दिवसाच्या 5 ग्रॅममागे दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास. आणि वाफ्यात उन्हात पाणी आटताना सगळं राहतही नाही. समुद्राचं आयोडिन हवं असेल तर बांगडा खा. (शाकाहारी असाल तर माफी.)

पेरूची_फोड
शाकाहारी. अंडं चालतं, सासूबाईंच्या नजरेआड :)

डबेवाली_आहारतज्ज्ञ
मग दूध, दही आणि अंडं सोडू नका, त्यांतून थोडंफार मिळतं. पण मुख्य भार मिठावरच. नियमाने ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान 15 पीपीएम आयोडिन असायला हवं, म्हणजे 5 ग्रॅममागे 75 मायक्रोग्रॅम. म्हणून "मीठ जास्त खा" असा अर्थ काढू नका, रक्तदाब वेगळाच प्रश्न उभा करेल. मीठ कमी, पण ते आयोडिनवालं. आयोडिन टिकावं म्हणून झाकण घट्ट, बरणी गॅसपासून लांब, पावसाळ्यात ओला चमचा घालायचा नाही, आणि भाजीत शेवटी शेवटी घाला.

टीएसएच_ग्रस्त
मध्येच विचारतो. मला हायपोथायरॉइड आहे, म्हणजे थायरॉइड कमी काम करते, रोज गोळी चालू. आयोडिनचं मीठ बंद कर असं सोसायटीतल्या तिघांनी सांगितलं. बंद करू का?

डबेवाली_आहारतज्ज्ञ
नाही. नेहमीचं मीठ आणि तुमची गोळी यांचं भांडण नाही. किरणोत्सारी आयोडिनची तपासणी किंवा उपचार ठरले तर डॉक्टर स्वतःच काही दिवस आयोडिन कमी करायला सांगतात, तेवढाच अपवाद. मात्र समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. अति आयोडिननेही थायरॉइड बिघडते. पेरू, हे तुम्हालाही.

पालमपूरकर
अवांतर: मिठावर बटाटा-लिंबाचा प्रयोग करून आयोडिन ओळखायचे व्हिडिओ फिरतात, त्यांवर विसंबू नका. आपल्याकडे मिठात आयोडेट, म्हणजे आयोडिनचं एक संयुग, घालतात. त्यातून मोकळं आयोडिन सुटल्याशिवाय बटाट्यातला स्टार्च निळा होत नाही, आणि त्याला लिंबासारख्या आम्लाबरोबर आयोडाइड हे आयोडिनचं दुसरं संयुगही लागतं. तपासणीच्या किटमध्ये ते सगळं असतं. काही जिल्ह्यांत आशाताईंकडे असतं.

पेरूची_फोड
अपडेट देते. नणंद जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आहे, तिने किट आणलं. दोन बशा. पुड्यातल्या मिठावर थेंब पडताच डाग जांभळट निळा. सैंधवावर दुसरा थेंब, तिसरा थेंब, ढिम्म. सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही बशा खिडकीपाशी नेल्या, उजेडात पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "शिबिरात हे नाही दाखवलं."
आता ओट्यावर पुड्यातलं मीठ, सैंधव वरच्या फळीवर उपासासाठी. डॉक्टरांनी टीएसएच लिहून दिलंय आणि माझ्या गोळीत आयोडिन नाही म्हणून ती बदलून दिली.
निसर्गमित्र काका, किटमध्ये थेंब शिल्लक आहेत. पुण्यात असाल तर सैंधव घेऊन या.

निसर्गमित्र_62
चहा असेल तर येतो.