रिसॉर्टवर बांधकाम सुरू, तळ्याकाठचा रस्ता बंद. पळायचं आणि चालायचं कुठे?

पहाटपाऊल

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही घरचे सगळे आठवडाभर एका मोठ्या रिसॉर्टवर राहणार आहोत. जागा निवडली होती ती तिथल्या तळ्याभोवतीच्या रस्त्यासाठी. सपाट, गाड्यांना बंदी आणि पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची. माझी हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, त्याच आठवड्यात १४ किलोमीटरचा लाँग रन येतो. चार फेऱ्या मारल्या की झालं, असा हिशेब होता. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलंय, त्यांच्यासाठीही तोच रस्ता डोळ्यांसमोर होता.

आता मेल आला की तळ्याचा बांध आणि शेजारच्या नव्या इमारतीच्या कामामुळे ‘काही पायवाटा तात्पुरत्या बंद राहतील’. कुठल्या, किती, दिवसभर की काही तास, याचा पत्ता नाही. फोन केला तर रिसेप्शनवरच्या मुलीने अगदी आपुलकीने सांगितलं की जिम चोवीस तास उघडी असते. नकाशात रस्ता अजून अखंड दिसतोय. पळणाऱ्यांच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठे जास्त पळतात ते दाखवणाऱ्या नकाशावर, तर तळ्याभोवती जाड चमकदार रेघ आहे.

बुकिंग रद्द करायचं नाहीये. भाऊ-वहिनी, मुलं सगळी येताहेत, बाबा दिवस मोजताहेत. पण आठवडाभर ट्रेडमिलवर घालवायची माझी तयारी नाही, आणि बाबांना खोलीत बसवून ठेवलं तर गुडघा आखडतो. अशा ठिकाणी रस्ता शोधायचा कसा? जाण्याआधी घरबसल्या काय काय कळू शकतं? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

डोंगरमाथा

सोपं आहे. मेन गेटमधून बाहेर पडायचं, सात किलोमीटर सरळ जायचं आणि परत फिरायचं. मी बाहेरगावी गेलो की हेच करतो. आत कुठे काय खणून ठेवलंय त्याची चौकशी करत बसण्यात सुट्टी संपून जाईल. वडिलांसाठी लॉन असेलच.

मुरूमखडी

ताई, मी साइट इंजिनिअर आहे आणि पळतोही, त्यामुळे पत्र्याच्या कुंपणाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. जरा मोठं लिहितोय.

रिसेप्शनला विचारून उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत जेवढं पत्रक पोचतं तेवढंच त्यांना ठाऊक. फोन करून सांगा की मेन्टेनन्सवाल्यांशी किंवा सिक्युरिटी सुपरवायझरशी बोलायचंय. कुठलं गेट कधी उघडतं, डंपर कुठून आत येतो, कुठल्या वळणावर माणूस उभा केलाय, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. आणि ‘कुठला रस्ता बंद आहे’ असं विचारू नका. ‘कुठला रस्ता किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद असतो’ असं विचारा. जिथे खोदलंय, जिथे डोक्यावर काम चालतं, तिथे चोवीस तास बंद. रात्री काम थांबलं, कुणी बघत नाही, म्हणून बॅरिकेड ओलांडून जायचं नाही म्हणजे नाही. पण जो रस्ता नुसता माल नेण्यासाठी घेतलेला असतो, तो बऱ्याचदा कामाच्या वेळेपुरताच बंद असतो. शिफ्ट सुरू होण्याआधी आणि सुट्टीच्या दिवशी तो मोकळा मिळू शकतो. तुमचं तळं सगळंच्या सगळं गेलं असं आत्ताच धरून चालू नका.

घरबसल्या काय कळतं? हीटमॅप मागच्या वर्षभरातल्या लोकांच्या पळण्यावरून बनतो, त्यामुळे गेल्या महिन्यात बंद झालेला रस्ता त्यात उजळच दिसणार. नेहमीच्या नकाशातलं उपग्रहचित्रही कित्येकदा वर्ष-दोन वर्षं जुनं असतं. त्यापेक्षा कोपर्निकस ब्राउझर नावाची वेबसाइट उघडा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं तिथे फुकट बघता येतात. साधारण दर ५ दिवसांनी नवं चित्र येतं. त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा, म्हणजे पायवाट दिसत नाही, पण उकरलेली माती ताबडतोब दिसते, हिरव्यात फिकट तांबूस किंवा पांढुरका डाग. बिनढगाचा एक ताजा दिवस निवडा, सहा महिन्यांपूर्वीचा एक निवडा, दोन्ही शेजारी ठेवा. तळ्याची कुठली बाजू खणलीय ते फोन करायच्या आधीच कळेल, आणि मग समोरच्या माणसाला नेमकं विचारता येईल.

आता माझं खरं म्हणणं. गेलेल्या रस्त्याच्या मागे लागू नका. खोलीजवळ एक छोटी, स्वच्छ फेरी शोधा, ६०० ते ९०० मीटरची, आणि तीच पुन्हा पुन्हा मारा. लांब रस्त्यावर दर अर्ध्या किलोमीटरला नवी अडचण निघते. छोट्या फेरीतले खड्डे दोन चकरांत पाठ होतात, पाण्याची बाटली एका जागी ठेवता येते, आणि बाबा त्याच फेरीवर चालत असतील तर तुम्ही दर पाच-सहा मिनिटांनी त्यांच्या शेजारून जाता. मला विचाराल तर तुमच्यासारख्या जोडीला हे तळ्यापेक्षाही बरं.

अशी फेरी कुठे मिळते? इमारतींच्या मागून फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी रस्ता ठेवलेला असतो. काम चालू असतानाही तो अडवायचा नसतो, कारण आग लागली तर गाडी आत यायलाच हवी. तो बहुतेक सपाट आणि पक्का असतो. पार्किंगचा परीघ पहाटे रिकामा असतो. गोल्फ कोर्स असेल तर खेळाडूंच्या छोट्या गाड्यांची पट्टी छान लांब असते, पण पहिला खेळाडू उतरायच्या आधी आणि परवानगी घेऊनच, चेंडू लागला तर गंमत नाही.

फेरी छोटी असली की घड्याळातल्या किलोमीटरवर फार विसंबू नका. उघड्या आभाळाखालीसुद्धा जीपीएस ५ मीटरभर इकडेतिकडे असतो, इमारतींमध्ये आणखी. काटकोनी वळणं तो कापून टाकतो आणि दर फेरीत थोडं अंतर खातो. नकाशातल्या मोजपट्टीने फेरी एकदा मोजा आणि फेऱ्या मोजा, नाहीतर सरळ वेळेवर पळा. किलोमीटरला सात मिनिटं लागत असतील तर १४ किलोमीटर म्हणजे अठ्ठ्याण्णव मिनिटं. पायांना तेवढं पुरतं. आणि निम्म्यावर दिशा बदला, नाहीतर एकाच अंगाने वळून वळून एकच पाय तक्रार करतो.

ज्या गोष्टी मी साइटवर रोज बघतो त्या सांगतो. चर खणून पाइप टाकला की वर लोखंडी प्लेट टाकतात. पहाटे दव पडलं की तिच्यावर बुटाची पकड राहत नाही, आणि तिची कड रस्त्यापेक्षा बोटभर वर असते. अंधारात ठेच लागते ती तिथे. प्लेट दिसली की चार पावलं चालायचं, मग पुन्हा पळायचं. धूळ बसवायला टँकरने पाणी मारतात, त्यानंतर तासभर तो रस्ता चिकणमातीचा असतो. डंपर रिव्हर्स येताना ड्रायव्हरला मागचा पट्टा दिसत नाही, म्हणून बीप कानावर आला की जागच्या जागी थांबा आणि ड्रायव्हरशी नजरानजर होईपर्यंत पुढे सरकू नका. साइटच्या आसपास इअरफोन नकोत. कुठे दगड किंवा टाइल कोरडीच कापत असतील तर त्या दिवशी वाऱ्याच्या वरच्या बाजूने जा किंवा ती बाजूच सोडा. दिसणारी धूळ खाली बसते, दगडातल्या सिलिकाचे न दिसणारे कण फुप्फुसात खोलवर जातात. जोरजोरात श्वास घेणाऱ्याने ते घेऊ नयेत.

डोंगरमाथा, गेटबाहेरच्या रस्त्याबद्दल एक सांगतो. फूटपाथ नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळायचं, हे बरोबर. पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. जाताना आणि येताना दोन्ही वेळा गाड्यांकडे तोंड केलं की दोन्ही वेळा तुमचा तोच पाय उताराच्या बाजूला पडतो. चौदाच्या चौदा किलोमीटर. कमरेपासून घोट्यापर्यंत एक बाजू भरून येते. शिवाय काम चालू असलेल्या रिसॉर्टच्या मेन गेटवर मालाचे ट्रक उभे असतात.

डोंगरमाथा

उताराचं कधी लक्षात घेतलं नव्हतं. माझा उजवा घोटा दरवेळी का दुखतो याचं हे कारण असू शकतं. तरी ज्यांना फेऱ्यांचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी बाहेरचा रस्ता आहेच. पहाटे, चमकणारं जॅकेट घालून, आणि घरी सांगून.

सावकाश

मी फक्त बाबांबद्दल लिहिते. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना हिंडवायचं काम माझ्याकडे होतं.

व्हीलचेअरचा रस्ता कुठून वळवलाय ते विचारा. मुख्य वाट बंद केली की व्हीलचेअरसाठी दुसरी सोय करावी लागते, आणि त्यात पायऱ्या नसतात. सामानाच्या ट्रॉल्या ढकलणारी मुलं ज्या वाटेने जातात ती वाटही बघून ठेवा. जड ट्रॉली चढाने आणि खडीवरून कुणी नेत नाही.

पण तात्पुरते फळीचे रॅम्प जपून. पक्क्या रॅम्पला सहसा एक फूट चढायला बारा फूट लांबी देतात, घाईत टाकलेल्या फळीला तेवढी नसते. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, तेव्हा जाताना सोपं वाटलं म्हणजे येतानाही वाटेल असं नाही. काठी असेल तर ऑपरेशन झालेल्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी, हे त्यांना सांगितलेलं असेलच, तरी नव्या जागेत माणूस गडबडतो.

पोचल्या दिवशी उजेड असतानाच तुम्ही एकट्या ती फेरी चाला, आणि त्यांच्या नजरेने चाला. बसायला बाक कुठे, धरायला कठडा कुठे, टॉयलेट किती लांब. सासूबाईंचा निम्मा धीर ‘पुढे बाक आहे’ एवढ्यावर टिकायचा. बाक नसेल तर मेन्टेनन्सवाल्यांना सांगून दोन खुर्च्या ठेवून घ्या. मागितल्या की मिळतात, मागायला संकोच करू नका. आणि लॉन नको. दव असतं, खाली जमीन उंचसखल असते आणि ती गवतात दिसत नाही.

पहाटपाऊल

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ती उपग्रहाची चित्रं पाहिली. तळ्याची पूर्व बाजू पांढुरकी दिसतेय, पश्चिम बाजू जशीच्या तशी. मग फोन करून मेन्टेनन्सवाल्यांनाच मागितलं. पलीकडच्या गृहस्थांनी दहा मिनिटं बोलून सगळं सांगितलं, कुणी असं नेमकं विचारतंय याचं त्यांना बरं वाटलं असावं.

पूर्वेचा बांध पूर्ण बंद. पश्चिमेची वाट सकाळी साडेसातपर्यंत मोकळी, त्यानंतर तिथून मालाच्या गाड्या जातात. तिकडे एका बाजूने साधारण १.६ किलोमीटर जाता येतं. कॉटेजेसच्या मागे फायरचा रस्ता आहे, वळसा ८५० मीटरचा, डांबरी, दिवे आहेत. त्याला लागून दोन बाक आहेत, हे मी आवर्जून विचारलं.

आता प्रश्न असा, की १४ किलोमीटर सगळे ८५० च्या फेरीत काढू, की थोडं तळ्याकाठी जाऊ? तळं सोडवत नाहीये. आणि बाबा त्या वेळात काय करतील?

मुरूमखडी

दोन्ही करा. तळ्याकाठी जाऊन-येऊन ३.२ किलोमीटर होतात, ते दोनदा केले की ६.४. किलोमीटरला सात मिनिटं धरली तर पाऊण तास. सव्वासहाला सुरू केलंत तर सातला तिथून बाहेर, गाड्या यायच्या आत अर्धा तास शिल्लक. मग फायरच्या रस्त्यावर नऊ फेऱ्या म्हणजे ७.६५. बेरीज १४.०५. तळं आधी, फेऱ्या नंतर. उलटं केलंत तर थकलेल्या पायांनी आणि घड्याळाकडे बघत तळ्याकाठी पळावं लागेल.

बाबांना सातला खाली उतरू द्या, तुम्ही फेऱ्यांवर याल तेव्हाच. त्यांना दोन बाकांच्या मधला तुकडाच चालू दे, पूर्ण वळसा पहिल्या दिवशी नको. तुम्ही त्यांच्या बाजूने गेलात की त्यांनी फेरी मोजायची, काम मिळालं की तेही रमतील.

आदल्या रात्री सिक्युरिटीला पुन्हा एकदा विचारा की उद्या साडेसातचीच वेळ आहे ना. काँक्रीट टाकायचं असेल तर आम्ही लवकर सुरू करतो, उन्हाच्या दिवसांत तर पहाटेच, आणि मिक्सरच्या गाड्या एकामागून एक येतात. तसं असेल तर त्या दिवशी तळं सोडा आणि लाँग रन दुसऱ्या दिवशी ठेवा.

सावकाश

बाबांसाठी शेवटचं एक. सकाळी उठल्या उठल्या गुडघा आखडलेला असतो. खोलीतून निघायच्या आधी कॉरिडॉरमध्ये दोन-तीन चकरा मारू द्या, मगच खाली आणा. आणि त्यांचा फोन चार्ज करून खिशात द्या, तुम्ही फेरीच्या पलीकडच्या टोकाला असाल तेव्हा उपयोगी पडेल.